एक पावसाळा जाऊ द्यावा

लिहिण्याच्या टेबलावर नवी वस्तू आली की तिचं बारसं लगेच करू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा. कोकणात तर हे पाळायलाच हवं, कारण मे महिन्यात इथे सगळ्याच वस्तू शहाण्या असतात. खण एका बोटाने उघडतो, कागद ताठ असतो, पेन पहिल्याच रेघेला उठतं, प्रिंटर निमूट छापतो. मृग लागला की एकेकाचे गुण बाहेर पडायला लागतात. कोण फुगतं, कोण गंजतं, कोण बुरशी धरतं, कोण ऐन वेळी डोळे मिटतं हे गणपतीपर्यंत कळून चुकतं. तोवर बहुधा नाव आपोआपच पडलेलं असतं, आपण ते फक्त कबूल करायचं.

नाव गुणावरून पडावं ही इथली जुनीच रीत. हापूसचं कलम कुणाच्याही बागेत हापूसच, पण रायवळाच्या झाडाला त्याचं स्वतःचं नाव असतं. शेपूचा वास मारतो तो शेपू, गराला खोबऱ्याची चव तो खोबरी, फळ इवलंसं ती बिटकी. भातशेतीच्या मळ्यांना नावं असतात, विहिरींना असतात. बंदरात लागलेल्या होड्या बघाव्या: 'आयएनडी एमएच'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक एकीकडे, आणि ठळक रंगात देवीचं किंवा लेकीचं नाव दुसरीकडे. क्रमांक खात्यासाठी, नाव माणसांसाठी. होडीला यायला उशीर झाला तर काठावर कुणी क्रमांकाने चौकशी करत नाही. लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेला सिरियल नंबरही असाच वॉरंटीपुरता.

एवढी रीत घरात असून लिहिणारी माणसं नावं देताना घसरतात. थोर साहित्यिकांची नावं देतात. मग त्या पेनाने वाणसामानाची यादी लिहायला संकोच वाटतो. देवाचं नाव दिलं तर शिवी देता येत नाही, आणि लिहिण्याच्या खोलीत शिवी लागतेच. हयात नातेवाइकांचं नाव तर अजिबात देऊ नये. ते मे महिन्यात येतात. सगळ्यांत चांगली नावं ती, ज्यांत त्या वस्तूची खोड आणि तिचा हंगाम दोन्ही येतात.

उदाहरणार्थ आखाड्या. हे लाकडी टेबलाच्या खणाचं नाव. आषाढात असा खण हटकून अडकतो आणि दिवाळीनंतर आपला आपण सुटतो. कारण साधं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं फुगत नाही. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ वाढतच नाही, आडवं वाढतं. खणाच्या बाजूच्या फळ्यांत रेषा मागे-पुढे धावतात, म्हणून खणाची लांबी तेवढीच राहते आणि उंची वाढते. वीस सेंटीमीटर उंचीची फळी भर पावसात दोनेक मिलिमीटर चढते. सुताराने वर-खाली फट तेवढीच ठेवलेली असते, कधी तेवढीही नसते. म्हणून आखाड्या वरून अडतो, कडेने नाही. हे माहीत नसलं की माणूस डावी-उजवीकडे हिसके देत बसतो आणि मूठ हातात येते.

जुलैत रंधा मारण्याचा मोह आवरावा. पावसात रंधून घेतलेला खण एप्रिलमध्ये खुळखुळतो. त्यापेक्षा अडतो ती जागा शोधावी. लाकूड जिथे घासलं जातं तिथे चकाकतं. तेवढ्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. तात्पुरता उपाय म्हणजे खणाच्या कडांवर आणि पट्ट्यांवर मेणबत्ती घासणं. तेल लावू नये, ते धूळ धरतं आणि कागदाला डाग पाडतं. मग जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, खुणेच्या जागी १२० नंबरचा पॉलिशपेपर मारायचा, थोडा मारून लावून बघायचा. शेवटी आतल्या बाजूंना आणि फळीच्या टोकांना पॉलिश किंवा व्हार्निशचा हात द्यायचा. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरं ठेवलेलं लाकूड आतून पाणी पीत राहतं. बहुतेक टेबलांचं दुखणं हेच. सागवान आणि चांगलं सुकवलेलं फणसाचं लाकूड हा त्रास कमी देतं. आंब्याच्या लाकडाला भुंग्याचीही भीती, सकाळी खणाखाली पिवळट भुसा दिसला की समजावं. पार्टिकल बोर्डच्या टेबलाला मात्र नाव देऊच नये. ते एकदा फुगलं की परत बसत नाही, आणि नाव रुळेपर्यंत टिकतही नाही.

पेनांत सगळ्यांत ठसठशीत स्वभाव ड्रॉपरने शाई भरायच्या पेनाचा. त्याच्या नळीत थेट शाई, मध्ये दुसरी पिशवी नाही. असं पेन शाई निम्म्याच्या खाली गेली की मध्येच टपकन थेंब सोडतं, आणि तोही अर्ध्या वाक्यावर. याचं नाव रडूबाई ठेवायला हरकत नाही, पण रडण्याचं कारण दुःख नव्हे, हवा. शाई कमी झाली की नळीत हवा जास्त. हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला निबेकडे ढकलते. म्हणून रडूबाईला निम्म्याहून रिकामं होऊ द्यायचं नाही. दोन पानं झाली की वर भरायचं. आटे जिथे जुळतात तिथे सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर लावायचा, मोहरीएवढं ग्रीस पुरतं. पेट्रोलियम जेली लावू नये, ती रबराच्या वायसरला खराब करते. निब वर करून पेन उभं ठेवायचं, म्हणजे हवा वरच राहते.

दुसऱ्या जातीचं पेन उलट वागतं. सकाळी पहिल्या चार अक्षरांना कोरडं राहतं आणि मग दिवसभर झकास चालतं. त्याला चहाबाज म्हणावं. टोपण नीट हवाबंद नसल्यामुळे रात्रीतून निबेवरची शाई आटते आणि फीडच्या खाचांत साका बसतो. फीड म्हणजे निबेच्या पोटाखालची काळी, खाचांची पट्टी. ती धुवायची तर साधं गार पाणी घ्यावं, शक्यतो गाळलेलं किंवा उकळून निवलेलं. पाणी भरायचं, सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत. तरी नाही सुटलं तर पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून निबेचा भाग रात्रभर बुडवून ठेवावा आणि सकाळी पुन्हा धुवावा. गरम पाणी वापरू नये. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन त्याने विटकं, तपकिरी पडतं. सुकवताना निब खाली करून टीपकागदावर उभं करायचं. पावसात यालाही अख्खा दिवस लागतो.

शाईच्या बाबतीत नावांचा प्रश्न उत्पादकांनीच सोडवून ठेवला आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली ती 'हॉर्स' नावाने, आणि पुढे फाउंटन पेनची शाई आणली ती 'कॅमल' नावाने. तेव्हा दौतीला उंट म्हणण्यात नवं काही नाही. फक्त या उंटाला पावसाळा मानवत नाही. दौतीचं झाकण उघडं राहिलं किंवा मळकी निब तिच्यात बुडवली की शाईवर तंतूंची साय धरते. ती गाळून वापरू नये. अख्खी दौत ओतून टाकावी आणि त्या शाईने भरलेली पेनंही धुवावीत, नाहीतर बुरशी फीडमध्ये जाऊन बसते. काटकसर करायची तर आधीच करावी: मोठ्या दौतीतली शाई लहान बाटलीत काढून घ्यायची आणि त्या बाटलीतूनच भरायची.

कागद फुटतो, म्हणजे अक्षराच्या कडेला शाईचे केस उभे राहतात, तेव्हा लोक शाईला दोष देतात. दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. कागदावर शाई थोपवून धरण्यासाठी खळ दिलेली असते. ओलाव्याने आणि तळहाताच्या घामाने तिचा जोर कमी होतो. पानाच्या खालच्या भागात, जिथे हात टेकतो, तिथेच अक्षर जास्त फुटतं, ही खूण बघून घ्यावी. हाताखाली टीपकागद किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला की बराच फरक पडतो.

हवेचा माग काढायला एक वस्तू हवीच: आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, म्हणजे हायग्रोमीटर. याचं नाव खबऱ्या. पण खबऱ्याची खबर तपासून घ्यायची असते, स्वस्तातले काटे पाच-सात अंकांनी सहज चुकतात. तपासायची पद्धत सोपी आहे. बाटलीचं झाकण घ्यावं, त्यात भरून साधं मीठ घ्यावं, वर पाण्याचे चार-पाच थेंब टाकावेत. मीठ विरघळता कामा नये, नुसतं ओलसर व्हावं. ते झाकण आणि खबऱ्या, एकमेकांना न चिकटवता, घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचे. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. खबऱ्या सत्तर दाखवत असेल तर तो नेहमी पाच कमी सांगतो. त्याच्या पाठीवर तसं लिहून ठेवायचं. बुरशीला साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वरची हवा आवडते, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर खोलीतली हवा सहसा ऐंशीच्या वरच असते. म्हणजे खबऱ्या चार महिने एकच बातमी देणार. तरी तो हवा, कारण खोलीत किती आणि बंद कपाटात किती, हा फरक त्याच्यावाचून कळत नाही.

कपाटाची जुनी युक्ती झिरोच्या बल्बची. तारेचा जुना झिरो बल्ब प्रत्यक्षात पंधराएक वॅट खात असे आणि तेवढी ऊब कपाटातली हवा कोरडी करायला पुरत असे. हवा तापली की तिच्यातला ओलावा तेवढाच राहिला तरी आर्द्रतेची टक्केवारी खाली येते. आताचा एलईडीचा झिरो बल्ब तापत नाही, तो लावून समाधानापलीकडे काही मिळत नाही. तारेचा मिळाला तर पुस्तकांपासून वीतभर दूर, तळाशी लावावा. नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल: पंचवीस लिटरच्या डब्याला दीड-दोनशे ग्रॅम. नारिंगी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवायचे, ते पुन्हा नारिंगी होतात. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये. जांभ्याची भिंत सच्छिद्र असते, पावसाचं पाणी ती आत ओढते. चार बोटं जागा सोडली की मागून वारा खेळतो.

पुस्तकांना वेगळी नावं द्यावी लागत नाहीत, ती माणसांच्याच नावाने ओळखली जातात. शब्द अडला की घरात 'मोल्सवर्थ काढ' म्हणतात, 'दाते-कर्वे बघ' म्हणतात. जाडजूड कोश अशा हवेत सगळ्यांत आधी पडतात, कारण बांधणीतली खळ कसरीला आवडते. कसरीने धरलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं आणि काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस बाहेर राहू द्यायचं, नाहीतर थंड पुठ्ठ्यावर दव धरतं. पुराने भिजलेल्या पुस्तकालाही फ्रीझरच वाचवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा घराघरांतली कपाटं बुडाली. ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरायला लागते. तेवढ्या वेळात सगळं वाळवणं शक्य नसेल तर गोठवून ठेवावं आणि मग सवडीने एकेक वाळवावं.

आता भाऊसाहेब. हा प्रिंटर. कागद आत जातो, बाहेर कधी येईल ते सांगता येत नाही, आणि विचारायला गेलं की दिवा लुकलुकतो. या नावाची फोड कुणाला करून सांगावी लागत नाही. भाऊसाहेबांकडे कागद अडण्याची कारणं तीन. पहिलं, कागद दमट: रीमचं वेष्टण ओलावा अडवण्यासाठीच असतं, ते फाडून पाचशेच्या पाचशे कागद ट्रेमध्ये भरून ठेवले की चार दिवसांत ते वाकडे होतात. ट्रेमध्ये वीस-तीसच ठेवावेत, बाकीचे वेष्टणात गुंडाळून डब्यात. दुसरं, कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत होतो; न सुटणाऱ्या धाग्यांचं फडकं पाण्याने किंचित ओलं करून तो पुसला की पकड परत येते. तिसरं आणि सगळ्यांत चिवट, मागच्या वेळी घाईने ओढल्यामुळे आत राहिलेला तुकडा. अडकलेला कागद बटण बंद करून, दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सावकाश ओढायचा. लेसर प्रिंटर असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं निवू द्यायचा, आतला फ्यूजर भाजतो. शाईचा असेल तर आठवड्याला एक रंगीत पान छापावंच, काही काम नसलं तरी. न छापणाऱ्याच्या नळ्या सुकतात.

स्टेपलरला डाग्या म्हणावं आणि पावसाळाभर खणात कोंडावं. खाऱ्या हवेत पिना एका मोसमात गंजतात आणि हस्तलिखिताच्या कोपऱ्यावर तपकिरी ठसा सोडतात, तो जात नाही. दोऱ्याने शिवावं किंवा प्लास्टिक चढवलेल्या क्लिपा वापराव्यात. खटखट वाजणाऱ्या कीबोर्डला बुवा हे नाव शोभतं, रात्री शेजारच्या खोलीत भजन चालल्याचा भास होतो. बुवा एकच अक्षर दोनदा म्हणायला लागले तर ती कळ उपटून खाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा.

डोक्यावरचा पंखा आणि कोपऱ्यातला इन्व्हर्टर ही जोडी वेगळी काढून बघायला हवी, कारण इथेच नाव देण्यातला धोका दिसतो. पंखा कुरकुऱ्या झाला, इन्व्हर्टर आबा झाला, की माणूस म्हणायला लागतो: आज कुरकुऱ्याचं मन नाही, आबा थकले. ऐकायला गोड लागतं, पण ज्या क्षणी आपण वस्तू रुसली असं म्हणतो त्या क्षणी कारण शोधणं थांबतं. रुसवा आपोआप जातो अशी आपली समजूत असते. झिजलेला सुटा भाग आपोआप जुळत नाही. म्हणून माझ्या मते नावाबरोबर कारणाची नोंद हवीच. नाव टेबलावर, कारण वहीत.

कुरकुऱ्याच्या आवाजांचीच वही होऊ शकते. सतत कुरकुर म्हणजे बेअरिंग, किनाऱ्यावर ते मीठ आणि दमटपणामुळे लवकर कोरडं पडतं. फेरीगणिक टकटक म्हणजे पात्याचा स्क्रू किंवा वरची वाटी सैल. फक्त वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवर चालताना गुणगुणतो, तर पंखा ठणठणीत आहे. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज घरच्या विजेसारखी गोलसर लहरींची नसून चौकोनी झटक्यांची आहे. आणि आवाज काहीच नाही पण फिरतो हळू, किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, तर कपॅसिटर, म्हणजे पंख्याला फिरायला जोर देणारा छोटा सुटा भाग. बहुतेक छतपंख्यांचा कपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचा असतो, पण जुन्यावर छापलेला आकडा बघूनच नवा आणावा. मेन स्विच बंद करून वरच्या वाटीत तो बदलायचा; जमत नसेल तर वायरमनला बोलवावं, पण त्याला 'पंखा बिघडलाय' असं सांगू नये, 'हळू फिरतो, आवाज नाही' असं सांगावं. तो येतानाच सुटा भाग घेऊन येतो.

आबांचा हिशेब वॅटचा. लॅपटॉप साठ, एलईडी दिवा नऊ, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीस, राउटर दहा: एकूण ११० च्या आत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरावी, त्यातही रूपांतरात थोडी वाया जाते, म्हणजे नव्या बॅटरीवर सात तासांच्या आसपास लिहिता येतं. साधा जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो. तो लावला की पाच तासही धड होत नाहीत. पाणी तीन महिन्यांनी बघावं, तरंगत्या दांडीच्या दोन खुणांच्या मध्ये असावं, आणि भरायचं ते डिस्टिल्ड पाणीच. आडाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आत राहतात आणि प्लेटी खराब करतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली तर जोडण्या सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायची, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ न देता, आणि सुकल्यावर पेट्रोलियम जेलीचा हात द्यायचा. पेनाला वर्ज्य केलेली जेली इथे कामाला येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी आबांना पार रिकामं करून तसंच ठेवलं तर प्लेटींवर सल्फेटचा थर धरतो आणि वीज आल्यावरही ते पूर्वीसारखे भरत नाहीत. लांबण दिसली की निम्म्यावर थांबवून भार काढून घ्यावा आणि हाताने लिहावं.

एका वस्तूचं नाव मात्र पावसाळ्याची वाट न बघता पहिल्या दिवशीच द्यावं: बाहेरची हार्ड डिस्क. तिचं नाव संकासुर. दशावतारात काळ्या वेशात येऊन वेद पळवतो तोच. नावाचा उपयोग असा की तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही हे रोज डोळ्यांसमोर राहतं. फिरत्या तबकडीच्या साध्या डिस्कला हवेसाठी बारीक, गाळणी बसवलेलं भोक असतं, म्हणजे बाहेरचा दमटपणा आतही पोचतो. कटकट असा ठराविक लयीतला आवाज आला की लगेच बंद करायची आणि पुन्हा पुन्हा लावून बघायची नाही, प्रत्येक वेळी तबकडी वाचणाऱ्या डोक्याने ती खरवडली जाण्याची शक्यता वाढते. लिखाणाच्या प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जगभरचा नियम. कोकणात घराबाहेरच्या प्रतीची सोय आयतीच आहे. गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या पिशवीत एक डिस्क द्यायची, शिमग्याला तो दुसरी घेऊन जातो आणि पहिली परत आणतो. मधल्या महिन्यांसाठी क्लाउड, जेव्हा रेंज असेल तेव्हा.

संबोधनाचंही ठरवून घ्यावं, स्वभाव निम्मा त्यातच येतो. वारशाने आलेल्या वस्तूला अहो-जाहो, विकत घेतलेल्याला अरे-तुरे, हप्त्यांवर घेतलेल्याला फेडून होईपर्यंत काहीच नाही. वेताची जुनी खुर्ची असेल तर ती काकू. काकूंची बैठक खाली गेली की विणकाम बदलायची घाई करू नये: खुर्ची उलटी करायची, कोमट पाण्याच्या फडक्याने वेत खालून चांगला भिजवायचा आणि वाऱ्यावर दिवसभर सुकू द्यायचा. वेत सुकताना आवळतो आणि बैठक वर येते. तुटलेली पट्टी असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. मालवणीत लिहिणाऱ्याची आणखी एक सोय आहे, 'मेल्या' हा शब्द प्रेमाला आणि संतापाला सारखाच चालतो.

या सगळ्यांच्या देखभालीला दिवस ठरवायचा तर खंडेनवमी. अवजारं पुसून, त्यांना झेंडू वाहून विसावा द्यायचा दिवस, आणि तो पाऊस ओसरतानाच येतो. हळद-कुंकवाचं बोट लॅपटॉपच्या जाळीपासून दूर ठेवावं, एवढं पथ्य. त्या दिवशी पेनं रिकामी करून धुवावीत, सिलिका तापवावं, बॅटरीचं पाणी बघावं, पुस्तकं उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर मांडावीत, आणि आखाड्याच्या चकाकत्या जागांवर खुणा कराव्यात. वहीत प्रत्येक नावासमोर त्या वर्षाची एक ओळ लिहावी. लेबलं लावायची तर कागदाची नकोत, गळून पडतात. डब्याच्या तळाला किंवा खणाच्या आत पेन्सिलीने लिहावं. पेन्सिल पाण्याने जात नाही.

सुटा भाग बदलल्यावर कुरकुऱ्या कुरकुरायचा थांबतो, मग नाव बदलायचं का? बदलू नये. पुढच्या वर्षी आवाज परत आला तर वहीत जुनी ओळ लगेच सापडते. वस्तू भंगारात गेली तर तिचं नाव नव्याला देऊ नये, नवा आणखी कशाने तरी अडणार असतो. निब चांगली असेल तर काढून ठेवावी. दुसऱ्या पेनात बसवताना फीडची रुंदी जुळते का ते आधी बघावं, कारण एकाच नंबरच्या दोन निबाही एकमेकींच्या फीडवर बसतातच असं नाही.